कोकण की गोवा? किनाऱ्यावरच्या सुट्टीचा इतिहास

आजचा विषय ऐकायला हलकाफुलका आहे. डिसेंबर जवळ आला, किंवा मुलांच्या परीक्षा संपल्या, की आपल्याकडे घरोघरी एक प्रश्न निघतो. समुद्रावर जायचं, पण कुठे? अलिबाग, दापोली, गणपतीपुळे, मालवण, की सरळ गोवा? मग तुलना सुरू होते. तिथे गर्दी फार, इथे सोयी नाहीत. तिथे मजा आहे, इथे शांतता आहे. ही तुलना आपण हवामान सांगावं तशी करतो, जणू त्या त्या किनाऱ्याचा तो जन्मजात स्वभावच आहे. आज आपण पाहणार आहोत की हा स्वभाव जन्मजात नाही. तो घडला आहे, आणि बराचसा गेल्या शे-दीडशे वर्षांत घडला आहे.

आधी निसर्गाचं जे आहे ते निसर्गाला देऊन टाकू. अलिबाग-मुरूडकडे वाळू काळपट, पाणी गढूळ. याचं कारण स्वच्छता-अस्वच्छता नाही. उत्तर कोकणचा खडक सह्याद्रीचाच काळा बेसाल्ट, त्याचा चुरा काळाच होणार. शिवाय मुंबईच्या आसपास भरती-ओहोटीचा फरक मोठा, उधाणाला चार-पाच मीटरपर्यंत जातो. त्यामुळे ओहोटीला समुद्र दूर मागे सरकतो आणि अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जाता येतं. खाली सिंधुदुर्गात उतरलो की जुने, गारगोटीयुक्त खडक लागतात, वाळू पांढरी होत जाते. भरती-ओहोटीचा फरक गोव्यापर्यंत येताना निम्म्यावर येतो. म्हणजे ओहोटीला चिखल तुडवत पाण्यापर्यंत जावं लागत नाही.

इथवर भूगोल. पण आता नकाशावर तेरेखोलची खाडी शोधा. तिच्या उत्तरेला आपलं शिरोडा, दक्षिणेला गोव्याचं हरमल. सरळ रेषेत अंतर पंधरा किलोमीटरही नाही. वाळू तीच, पाणी तेच, माड तेच, मासळी तीच. हरमल आज युरोपातल्या तरुणांना ठाऊक आहे. शिरोडा मराठी माणसाला ठाऊक आहे ते 1930च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे आणि वि. स. खांडेकर तिथल्या शाळेत शिक्षक होते म्हणून. हा फरक वाळूने केलेला नाही. सीमाही तितकी सनातन नाही. हरमल ज्या पेडणे महालात येतं, तो महाल 1788पर्यंत सावंतवाडीकरांकडेच होता. आणि तेरेखोलचा किल्ला खाडीच्या उत्तर काठावर, म्हणजे आपल्या बाजूला, असूनही आज गोव्यात आहे. एकाच किनाऱ्याचे दोन तुकडे झाले आणि दोघांचं नशीब वेगळं निघालं. ते कसं, हे बघायचं आहे.

त्यासाठी थोडं लांबून सुरुवात करू. समुद्रकाठी मजेसाठी जायचं, ही कल्पनाच मुळात जुनी नाही. इंग्लंडमध्ये 1750च्या सुमारास रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरांनी समुद्राच्या पाण्याचे औषधी गुण सांगणारा ग्रंथ लिहिला आणि ब्रायटनला श्रीमंत रोग्यांची रीघ लागली. लोक पाण्यात उतरत ते औषध म्हणून. 1841मध्ये लंडनहून ब्रायटनला रेल्वे गेली आणि हळूहळू सामान्य माणसंही तिथे दिवसभराच्या सहलीला जाऊ लागली. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर श्रीमंत युरोपीय आधी हिवाळ्यात जात. उन्हाळ्यात मुद्दाम उन्हात पडून राहायचं, हे खूळ 1920च्या दशकातलं. या क्रमाकडे लक्ष ठेवा. आधी तब्येत, मग रेल्वे, मग मजा.

हेच इंग्रज हिंदुस्थानात आल्यावर मात्र समुद्राकडे पाठ करून डोंगरावर गेले. त्यांना हवी होती थंडी, आणि आपला किनारा दमट, तापाचा. मुंबईचा गव्हर्नर माल्कम याने 1828मध्ये महाबळेश्वरला वस्ती उभी केली. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट 1850मध्ये माथेरानवर चढला. भोर घाटातून रेल्वे 1863मध्ये गेली, माथेरानची छोटी गाडी 1907मध्ये सुरू झाली. इंग्रजांच्या मागून मुंबईचे शेटजी आणि त्यांच्या मागून मध्यमवर्ग याच वाटेने गेला. 'हवा खायला जाणे' म्हणजे घाट चढणे, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलं. अपवाद होते. महात्मा गांधी 1924मध्ये शस्त्रक्रियेनंतर विश्रांतीसाठी जुहूला राहिले होते. पण जुहू मुंबईच्या दारात होतं. कोकणचा किनारा दारात नव्हता.

तो कुठे होता, हे समजायला रत्नागिरी पाहा. इंग्रजांनी 1885मध्ये ब्रह्मदेश जिंकला आणि तिथला राजा थिबा याला 1886मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. 1916मध्ये मरेपर्यंत तो तिथेच राहिला. पुढे 1924 ते 1937 सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. माणसाला तुरुंगात न घालता दूर ठेवायचं असेल, तर सरकारला ही जागा सुचत होती. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये दर कोसावर एक खाडी. आज थिबा पॅलेसच्या गच्चीवरून दिसणारा देखावा पाहून आपण 'वा' म्हणतो. तो वाडा बांधणाऱ्या सरकारच्या हिशेबात तो देखावा नव्हता, दुर्गमता होती.

मग कोकणातला माणूस स्वतः समुद्राकडे कसा पाहत होता? आपल्या भाषेत किनाऱ्यासाठी शब्द भरपूर आहेत. पुळण आहे, आणि तिच्यावरूनच गणपतीपुळ्याचं 'पुळे'. वेळ आहे, चौपाटी आहे. नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ अर्पण करायचा, दर्या शांत झाला की होड्या लोटायच्या. म्हणजे नातं होतं, पण ते पोटाचं आणि भीतीचं. त्यात मुंबईला जायची वाट म्हणजे हाच समुद्र. आगबोट बंदरापासून लांब उभी राहायची, माणसं पडावात बसून तिच्यापर्यंत जायची, आणि पावसाळ्यात तीही बंद. 17 जुलै 1947ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यात घरी सणाला निघालेले चाकरमानी होते. ज्या घरांनी समुद्रावरून अशी बातमी ऐकली आहे, त्या घरांत 'चला, दोन दिवस समुद्रावर लोळून येऊ' हे वाक्य सहज निघत नाही.

कोकणची सुट्टी होती, पण ती वेगळी होती. 'गावी जाणे' हे तिचं नाव. मे महिन्यात, शिमग्याला, गणपतीत चाकरमानी आपल्या घरी जाणार. आंबे, फणस, देवाची पालखी, पडवीत गप्पा. समुद्र जवळ असला तरी सुट्टीचा मध्य घर होतं. आणि त्या घराचं दार परक्याला सहसा उघडत नव्हतं. दुष्टपणाने नव्हे, परका येतच नव्हता म्हणून.

आता कोणी म्हणेल, गोवा आधीपासूनच मौजेचा मुलूख होता. तसं नाही. गोवाही चाकरमान्यांचाच देश. गोव्याचे ख्रिस्ती तरुण जहाजांवर खलाशी, आचारी, वाजंत्री म्हणून जात, मुंबईत गावागावांच्या 'कुडी' काढून राहत. मनिऑर्डर तिथेही येत होती. पण एक गोष्ट तिथे होती. मे महिन्यात गोव्यातली खाऊनपिऊन सुखी कुटुंबं बिऱ्हाड उचलून कळंगुट, कोलवा अशा किनाऱ्यांवर राहायला जात. या प्रथेला पोर्तुगीज शब्दच होता, 'मुदान्सा', म्हणजे बदल, हवापालट. तब्येतीसाठी खाऱ्या पाण्याची न्हाणी घ्यायची, संध्याकाळी फेरफटका मारायचा. रसेल डॉक्टरांचंच तत्त्व, पोर्तुगालमार्गे आलेलं. त्यामुळे किनाऱ्यावर खोल्या भाड्याने द्यायची सवय काही गावांना होती.

यानंतरचा टप्पा इतिहासाच्या विनोदबुद्धीचा आहे. स्वतंत्र भारताने 1954-55मध्ये गोव्याची नाकेबंदी केली. सत्याग्रह चालू होते, सरहद्दी बंद झाल्या, रेल्वे थांबली. कोंडी फोडण्यासाठी पोर्तुगीजांनी घाईने दाबोळीला विमानतळ बांधला आणि गोव्यासाठी स्वतंत्र विमानसेवा सुरू केली. तिची विमानं कराचीला जात. डिसेंबर 1961मध्ये भारतीय हवाई दलाने त्याच धावपट्टीवर बॉम्ब टाकले, 19 डिसेंबरला गोवा मुक्त झाला, आणि धावपट्टी दुरुस्त होऊन नौदलाकडे आली. पुढे त्याच दाबोळीवर जर्मनी-इंग्लंडहून पर्यटकांची चार्टर विमानं उतरणार होती. म्हणजे आपणच केलेल्या नाकेबंदीतून गोव्याला त्याच्या पर्यटनाचं दार मिळालं. रत्नागिरी जिल्ह्याला तोवर रेल्वेचा एक रूळही मिळाला नव्हता. गोव्यात मुरगाव बंदरापर्यंत रेल्वे 1880च्या दशकातच पोचली होती.

दुसरा टप्पा हिप्पींचा. 1960च्या दशकाच्या अखेरीस तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान असा खुश्कीच्या मार्गाने प्रवास करत युरोप-अमेरिकेतली तरुण मुलं हिंदुस्थानात येत होती. हिवाळा काढायला ती कळंगुटला, मग हणजूण-वागातोरला थांबली. त्यांना स्वस्त खोली हवी होती, आणि परदेशी गेलेल्या माणसांची घरं गावात रिकामी होती. त्यांना दारू हवी होती. महाराष्ट्रात मुंबई राज्याचा 1949चा दारूबंदी कायदा लागू होता, गोव्यात गावोगावी तावेर्न होती. शिरोड्यात आणि हरमलमध्ये फरक कुठे पडला, याचं एक उत्तर इतकं साधं आहे.

तिसरा टप्पा राजकीय, आणि तो आपल्याला मराठी माणूस म्हणून जवळचा. 16 जानेवारी 1967ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? 34,021 मतांच्या फरकाने विलीनीकरण नाकारलं गेलं. तेव्हा आपल्याकडे अनेकांना याचं दुःख झालं. पण किनाऱ्यापुरता विचार करा. विलीनीकरण झालं असतं, तर गोवा हा महाराष्ट्राचा आणखी एक कोकणी जिल्हा झाला असता, रत्नागिरीच्या रांगेत मुंबईकडे हात पसरून उभा. वेगळं राहिल्यामुळे त्याला स्वतःचं सरकार मिळालं, स्वतःचा अर्थसंकल्प मिळाला आणि उत्पन्नाचा मार्ग शोधण्याची निकडही. जेमतेम 105 किलोमीटरचा किनारा असलेल्या प्रदेशाने तो किनाराच भांडवल मानला. आपल्या सातशे वीस किलोमीटरांना मात्र मंत्रालयात उसाच्या आणि कारखान्यांच्या मागे उभं राहावं लागलं.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. 1973च्या 'बॉबी'ने गोवा हिंदी पडद्यावर नेला. 1974मध्ये आग्वाद किल्ल्याच्या कुशीत ताजचं हॉटेल उभं राहिलं. 1983मध्ये राष्ट्रकुल प्रमुखांची परिषद दिल्लीत झाली आणि मधली विश्रांती गोव्यात. इंदिरा गांधींपासून मार्गारेट थॅचरपर्यंत सगळे तिथे, आणि त्यासाठी रस्ते आणि इतर सोयी झपाट्याने झाल्या. 1980च्या दशकाच्या मध्यापासून चार्टर विमानं, 2001मध्ये 'दिल चाहता है', आणि मग मुंबई-पुणे-दिल्लीच्या प्रत्येक मित्रमंडळाची 'एकदा तरी गोवा' ही शपथ.

ही यशोगाथा इथे थांबवली तर ती अर्धीच सांगितली असं होईल. ज्या पुळणीवर आपण टॉवेल पसरतो, ती कोणाच्या तरी कामाची जागा असते. गोव्यात रापण ओढणारे मच्छीमार, रापणकार, साऱ्या गावाने मिळून किनाऱ्यावरून जाळं ओढत. 1970च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर आले आणि रापणकारांनी मोठा लढा उभारला. त्याच काळात पुळणीवर शॅक आणि हॉटेलं येत गेली. 1980च्या दशकाच्या अखेरीस 'जागृत गोंयकारांची फौज' या संघटनेने आलिशान हॉटेलांना आणि चार्टर पर्यटनाला उघड विरोध केला. त्यांचे प्रश्न साधे होते. गावच्या विहिरी आटतात आणि हॉटेलच्या तलावाला पाणी कुठून येतं? किनाऱ्यावर जायची आमची पाऊलवाट कोणी बंद केली? इंदिरा गांधींनी 1981मध्ये किनारी राज्यांना भरतीरेषेपासून 500 मीटर मोकळे ठेवायला सांगितलं, 1991मध्ये त्याचं रीतसर किनारा नियमनात रूपांतर झालं. नियम आले, आणि नियमांतल्या पळवाटाही आल्या.

आता कोकणाकडे वळू. तिकडे दार उशिरा उघडलं. 1 मे 1981ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. 1997मध्ये त्याला देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलं गेलं. आणि 26 जानेवारी 1998ला कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधु दंडवते अर्थमंत्री असताना मार्गी लागलेलं, ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली नव्वदहून अधिक बोगद्यांतून पार पडलेलं हे काम. ब्रायटनला रेल्वे 1841मध्ये गेली होती. आपण दीडशे वर्षं उशिरा तिथे पोचलो.

पण या उशिराने एक गोष्ट कोकणाला मिळाली. पर्यटक आला तेव्हा मोठं भांडवल सोबत आलं नाही. त्याच्या स्वागताला उभं राहिलं ते घर, तेच 'गावी जाण्याचं' घर. मागच्या पडवीला दोन खोल्या काढल्या, संडास-बाथरूम बांधलं, बाहेर पाटी लावली: 'राहण्याची व घरगुती जेवणाची सोय'. दिवेआगर, मुरूड, गुहागर, तारकर्ली सगळीकडे हा एकच नमुना. स्वयंपाक घरातल्या बाईच्या हातचा, सोलकढी तिच्या कोकमाची, आणि पैसा बऱ्याच प्रमाणात तिच्याच घरात. मालवणात मच्छीमारांची मुलं पर्यटकांना सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पाण्यात प्रवाळ दाखवायला नेऊ लागली.

याचं आम्हाला सर्वांत आवडणारं उदाहरण वेळासचं. मंडणगड तालुक्यातलं हे गाव, नाना फडणविसांचं. इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पूर्वी ती अंडी खणून काढली जात. 2002पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. मग पिल्लं समुद्रात सोडण्याचा सोहळा पाहायला माणसं येऊ लागली. उतरतात गावातल्याच घरांत, जेवतात गावातच. जे अंड गावात एकदाच खाल्लं जायचं, त्याच्या पिल्लाला पाहायला दरवर्षी पाहुणा येतो. हे पर्यटन लहान आहे. सगळ्या कोकणाचं पोट त्यावर भरणार नाही, हेही खरं. पण किनाऱ्याचं राखण आणि किनाऱ्याची कमाई एकाच घरात राहू शकते, एवढं त्याने दाखवलं.

म्हणून 'कोकण की गोवा' या प्रश्नाला इतिहासाकडून मिळणारं उत्तर असं आहे. गोवा हा परक्यासाठी तयार झालेला किनारा आहे. तिथे तुम्हाला कोणी विचारत नाही, कोणाचे, कुठले, जेवायला किती वाजता. ते स्वातंत्र्य मोलाचं आहे, विशेषतः तरुणांना, एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रीला. त्याची किंमत ही, की तुम्ही तिथे गिऱ्हाईक असता. कोकण हा घरी येणाऱ्यासाठी तयार झालेला किनारा आहे. तिथे तुम्ही पाहुणे असता. पाहुण्याला ताटात जास्त वाढतात, आणि पाहुण्याकडून वागण्याची अपेक्षाही जास्त असते. घरच्या माणसांना रात्री झोप हवी असते, आणि पुळणीवरची बाटली उद्या त्यांनाच उचलावी लागते. तुम्हाला काय हवं, ते ठरवून निघा. पोहायला आणि स्वच्छ पाण्याला मालवणच्या खाली उतरा किंवा गोव्यात जा. किल्ले आणि दोन दिवसांची धावती सहल असेल तर अलिबाग-मुरूड. कासवं पाहायची असतील तर उन्हाळ्याच्या तोंडाशी वेळास. आणि कुठेही गेलात तरी जून ते सप्टेंबर पाण्यात उतरू नका. मच्छीमारही जून-जुलैत जाळी वाळत घालून बसतात, ते उगाच नाही.

शेवटचा मुद्दा, आणि तो आजचा आहे. तेरेखोलच्या दोन्ही काठांचं अंतर आता मिटत चाललं आहे. ऑक्टोबर 2021मध्ये चिपीला सिंधुदुर्गचा विमानतळ सुरू झाला, जानेवारी 2023मध्ये पेडण्यातल्या मोपाहून विमानं उडू लागली. मोपापासून आपली सरहद्द हाकेच्या अंतरावर आहे. रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गाचं काम चाललं आहे. म्हणजे ज्या दुर्गमतेमुळे थिबाला रत्नागिरीत ठेवलं, ती दुर्गमता संपते आहे. चांगलंच आहे. बाळंतिणीला वेळेत दवाखान्यात पोचता आलं पाहिजे, आंबा ताजा बाजारात गेला पाहिजे. पण रस्त्याबरोबर जमिनीचा दलालही येतो. समुद्राकडचं वाडवडिलांचं भाट विकलं गेलं, की त्याच जागी उभ्या राहिलेल्या हॉटेलच्या फाटकावर घरमालकाचा मुलगा पहारेकरी म्हणून उभा राहू शकतो. गोव्याने हे पाहिलं आहे. गोव्यातली माणसं आज पाणी, कचरा आणि जमीन यांबद्दल जे बोलत आहेत, ते कोकणातल्या ग्रामसभांनी ऐकण्यासारखं आहे. कारण त्यांनी जे चाळीस वर्षांत भोगलं, ते आपल्याकडे दहा वर्षांत येऊ शकतं.

पुढच्या सुट्टीत तुम्ही खोली बुक करण्याआधी एक चौकशी करा. त्या खोलीचा मालक त्या गावात राहतो का? एवढ्याशा प्रश्नाने धोरणं बदलणार नाहीत. पण किनारे आजवर असेच घडत आले आहेत, कोण कुठल्या वाटेने आलं आणि कोणाच्या घरी उतरलं, यावरून. आता येणारे आपण आहोत.